चौथी फांदी

मिरजेच्या कॉलेजात, शवविच्छेदनाच्या हॉलला
खिडक्या सगळ्या उत्तरेच्या. ऊन आत येत नाही,
फॉर्मॅलिन मात्र डोळ्यांत येतं.
पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर काढून देते:
हृदयातून वर निघते ती महाधमनी,
काठीच्या मुठीसारखी वळते,
आणि वळणावर तीन फांद्या.
तीन. लिहून घ्या.
पेपरातही तीनच लिहा.

पाच नंबरच्या टेबलावरून तेजस्विनी चिपरे म्हणाली,
"मॅडम, आमच्याकडे एक जास्त आहे."
आवाजात असा अपराध,
जणू कापताना तिनंच ती वाढवली.

मी मोजल्या.
पहिली मानेच्या उजव्या बाजूला, दुसरी डाव्या,
तिसरी डाव्या हाताला.
उजव्या हाताची कुठाय?
ती सगळ्यांत शेवटी, भलतीकडेच, डाव्या अंगाला फुटलेली;
आणि उशीर झालेल्या सोयऱ्यासारखी
पुढचं दार टाळून परसातून गेलेली,
अन्ननलिकेच्या मागून, मणक्याला घासून
पार उजव्या खांद्यापर्यंत.

शंभरात एखाद्याला असतं, मी म्हणाले.
चिमट्यानं अन्ननलिका उचलली
तर तिच्या पाठीवर तिरपी खाच,
सुतळी काढल्यावर पोत्याला राहते तशी.

तेवढ्यात नखं दिसली.
कडांना पिवळी.
फॉर्मॅलिननं असतील, म्हणा.
पण संध्याकाळी मी रजिस्टर काढलं:
सातगोंडा मगदूम, वय एकोणऐंशी, राहणार समडोळी,
धंदा हळद निवडणे, मार्केट यार्ड, सांगली.

डिसेंबरात देहदात्यांच्या घरच्यांना बोलावतो आम्ही.
शाल, नारळ, प्रमाणपत्र, चहा.
पद्मक्का नातवाच्या स्कूटरवरून आल्या.
कप हातात घेऊन आधी खिडकीबाहेर पाहिलं:
दिवस मावळायला पाव तास होता.
"मला पुरतोय," म्हणाल्या. "ह्यांना पुरला नसता.
चारलाच बसायचे जेवायला.
घास आमटीत भिजवायचा, चावायचा, चावतच राहायचा,
वर घोटभर पाणी.
दिवस बुडाला की हात धुवायचे,
निम्मी भाकरी ताटात तशीच.
मी म्हणायची, माझ्या हाताला चव न्हाई म्हणून टाकताय.
पन्नास वर्षं म्हणली.
नुसते हसायचे ओ."

टेबलावर जे दिसतं ते घरच्यांना सांगायचं नसतं.
आणि पुस्तकात या गिळण्याच्या त्रासाला जे लॅटिन नाव आहे
त्याचा अर्थ निसर्गाची चेष्टा.
तो तर नाहीच सांगायचा.

हळदीकुंकवाच्या तबकात एक हळकुंड होतं,
बुंध्याला तीन बोटं, आणि मागून वाकडं निघालेलं चौथं.
पद्मक्कांनी ते सवयीनं उचललं, उलटंपालटं केलं.
"एका पोत्यात सारखी फुटलेली दोन दाखवा,
म्हणायचे, आजची हजेरी सोडतो.
कुणी दाखवली न्हाईत."

मग मी सांगितलंच.
म्हटलं, अक्का, त्यांच्या आत एक शीर होती, उजव्या हाताची.
घास उचलायला ज्या शिरेनं हाताला रक्त दिलं
तीच घशामागून आडवी जायची,
उतरता घास अडवायची.
आईच्या पोटात असल्यापासून.
तुमच्या हाताचं काही नव्हतं.

"त्यांना ठावं होतं?"
नाही. कुणालाच नव्हतं.

त्यांनी हळकुंड परत तबकात ठेवलं,
होतं तसंच, चौथं बोट खाली.
खूप वेळ काही बोलल्या नाहीत.
नातवानं बाहेरून हॉर्न दिला, दोनदा.

मी दिवा लावला तेव्हा बाहेर अंधारलं होतं,
आणि कपात
निम्मा चहा तसाच.